दाखल्यावरची रिकामी ओळ

माझे वडील गेले त्या रात्री पूर्व उपनगरातल्या एका रुग्णालयाने आमच्या हातात एक कागद ठेवला. तो आधी स्मशानात दाखवायचा, मग तिथून तो पालिकेच्या नोंदणीकडे जायचा. मृत्यूचं कारण लिहायला त्यावर एकाखाली एक तीन ओळी होत्या आणि दर ओळीनंतर ‘कशामुळे’ असं विचारलेलं होतं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने. खालच्या दोन्ही ओळी रिकाम्या.

वडिलांना बावीस वर्षं मधुमेह होता. त्याने आधी डोळे धरले, मग मूत्रपिंडं. शेवटचं दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रात्रपाळीच्या डॉक्टरसमोर ही सगळी फाइल होती. पण पहाटेचे तीन वाजले होते, बाहेर आणखी चार पेशंट ताटकळत होते, आणि आम्हालाही कागद लवकर हातात पडावा एवढंच हवं होतं. त्या रिकाम्या ओळी मला दिसल्या तेराव्यानंतर, झेरॉक्स चाळताना.

हृदय प्रत्येकाचंच थांबतं. ती मरणाची खूण झाली, कारण नव्हे. म्हणून तर त्या नमुन्यावर बारीक अक्षरात सूचना असते की मरण कोणत्या रीतीने आलं ते लिहू नका, ज्या आजाराने किंवा इजेने आलं ते लिहा. दुसऱ्या ओळीत ‘टाइप २ मधुमेह’ एवढं लिहिलं गेलं असतं, तर आकडेवारीच्या तक्त्यात वडील ‘ई ११’ या खणात जमा झाले असते. आता ते ‘आय ४६’मध्ये असणार, हृदय बंद पडलं याखेरीज ज्यांच्याबद्दल काहीच कळलं नाही, अशांच्यात. मधुमेहाने किती माणसं जातात हे मोजायला उद्या कुणी बसलं, तर त्याला माझे वडील सापडणार नाहीत.

हे पुस्तक आरोग्य-माहितीशास्त्राबद्दल आहे, आणि त्यातही या शास्त्राच्या देशोदेशींच्या संस्था एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत त्याबद्दल. विषय दूरचा वाटेल. पण वडिलांच्या वेळी आमच्या हाती पडला त्याच धाटणीचा नमुना जगभर वापरतात, नॉर्वेतही आणि ब्राझीलमध्येही. ‘ई ११’चा अर्थ सगळीकडे एकच. हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी प्रवास करून, वाद घालून, मतं घेऊन ते ठरवलं, आणि ठरवणाऱ्यांत सरकारांइतकाच वाटा अशा मंडळांचा होता ज्यांच्याकडे सत्ता नव्हती, सक्तीचा अधिकार नव्हता, फक्त कामाची आच होती.

सुरुवात मरणाच्या यादीपासूनच झाली. १८९३मध्ये शिकागोला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या बैठकीत पॅरिसच्या आकडेवारी खात्याचे प्रमुख जॅक बेर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण मांडलं. त्याच्याही चाळीस वर्षं आधी, १८५३मध्ये, ब्रसेल्सच्या परिषदेने इंग्लंडचे विल्यम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पीन यांच्यावर हेच काम सोपवलं होतं. दोघांनी वेगवेगळ्या तत्त्वांवर दोन याद्या केल्या आणि एकमत व्हायला वेळ लागला. १९००मध्ये पॅरिसला २६ देशांनी बेर्तियाँच्या यादीची पहिली सुधारणा केली. १९४८पासून ही जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. आज आपण जिला आयसीडी म्हणतो ती हीच यादी. तिची अकरावी आवृत्ती २०१९मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२पासून लागू झाली.

या यादीची पाळंमुळं युरोपात आहेत हे खरं. तरी मरणाची माहिती देशांच्या सीमा ओलांडून का जायला हवी, हे जगाला शिकवणाऱ्या गावांत मुंबईचं नाव घ्यावं लागतं. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढल्याच वर्षी व्हेनिसला केवळ प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, कारण मुंबईहून निघालेली जहाजं युरोपच्या बंदरांना लागत होती आणि आजार कुठे पोहोचला हे एकमेकांना कळवणं सगळ्यांनाच भाग होतं. त्याच काळात मुंबईत नि पुण्यात लोक आजारी माणसं लपवत होते. झडती येईल, माणसाला ओढून छावणीत नेतील, घरातलं सामान जाळतील, ही धास्ती होती. वर परिषदा चालल्या होत्या आणि खाली आकडा दडत होता. माहिती देणाऱ्याच्याच अंगावर ती उलटणार असेल तर तो ती देत नाही. नंतरच्या सव्वाशे वर्षांत कितीही यंत्रं आली तरी एवढं बदललेलं नाही.

आता मुंबईतल्याच देवनारकडे येते. हार्बरच्या गाडीने गोवंडीला उतरून स्टेशनच्या रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात झाडांनी भरलेलं एक आवार लागतं. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. आसपासच्या रिक्षावाल्यांना ‘आयआयपीएस’ म्हटलं की पुरतं. जुलै १९५६मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रं या तिघांनी मिळून ती सुरू केली. तेव्हाचं नाव लोकसंख्या प्रशिक्षण व संशोधन केंद्र. दोनच वर्षांपूर्वी, १९५४मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्था देवनारला आली होती. तिच्याही मुळाशी हाच ट्रस्ट. संयुक्त राष्ट्रांनी असं पहिलं केंद्र आशियासाठी मुंबईत काढलं, पुढच्या वर्षी लॅटिन अमेरिकेसाठी चिलीतल्या सँटियागोला आणि १९६३मध्ये कैरोला. आशियातल्या जन्म-मृत्यूंची गणती कशी करायची, हे शिकायला देशोदेशींची मुलं या आवारात आली. आजवर चाळीसहून अधिक देशांतले विद्यार्थी इथे शिकून गेले आहेत. १९८५मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आजचं नावही.

पालिकेच्या याच एम पूर्व विभागात, शिवाजीनगरला लागून, १९२७पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. देवनार म्हटलं की बहुतेकांना तेवढंच आठवतं. २०२२च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला आणि मुलं दगावली, तेव्हा पथकांना दारोदार जाऊन विचारावं लागलं की कोणत्या बाळाला लसीचा डोस मिळाला आहे आणि कोणत्या नाही. कार्ड गावी राहिलेलं, भाड्याची खोली बदलताना हरवलेलं, पावसात भिजलेलं. जगाला मोजायला शिकवणारं आवार आणि मोजणीतून निसटणारी वस्ती एकाच वॉर्डात आहेत. या विषयावर लिहायला देवनारइतकी योग्य जागा मला दुसरी सुचत नाही.

आयआयपीएसचं सर्वांत परिचित काम म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पहिलं १९९२-९३मध्ये झालं, पाचवं २०१९ ते २०२१ या काळात. पाचव्या फेरीत ६,३६,६९९ घरांतून ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुषांच्या मुलाखती झाल्या. पहिल्या फेरीत एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुलं होती, पाचव्यात २.०. हे आकडे वृत्तपत्रांतून सगळ्यांनी वाचलेले असतात. कमी बोललं जातं ते प्रश्नावलीबद्दल. तिचा गाभा नव्वदहून अधिक देशांत चाललेल्या डीएचएस या सर्वेक्षणमालिकेशी मिळताजुळता ठेवलेला आहे. म्हणून तर बीडमधल्या आईचं उत्तर नेपाळमधल्या किंवा घानातल्या आईच्या उत्तराशेजारी ठेवता येतं. वृद्धांच्या पाहणीचंही तसंच. २०१७-१८मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक जणांची जी पाहणी आयआयपीएसने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर केली, तिचे प्रश्न अमेरिका, युरोप, चीन इथल्या तशाच पाहण्यांशी जुळवून घेतलेले आहेत.

असं जुळवून घेतल्याने काय होतं, याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. २००५पर्यंत भारतात एचआयव्हीची लागण झालेले ५० लाखांवर लोक आहेत असं मानलं जाई. तो अंदाज मुख्यतः गरोदर स्त्रियांच्या तपासणी केंद्रांवरून आणि गुप्तरोगाच्या दवाखान्यांवरून काढलेला होता. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २००५-०६च्या तिसऱ्या फेरीत एक लाखाहून अधिक जणांनी बोट टोचून घेतलं, रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवले, कागदावर नाव लिहिलं नाही. घराघरांतून आलेला हा आकडा जुन्या अंदाजाशेजारी ठेवल्यावर २००७च्या जुलैत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्स यांनी एकत्र बसून नवा अंदाज जाहीर केला: सुमारे २५ लाख. निम्मा. आपला आधीचा आकडा चुकला होता हे सगळ्यांनी मिळून, उघडपणे, मान्य केलं. मोजायची रीत आधीच सामायिक झालेली नसती तर ‘तुमचा खरा की आमचा’ यातच वर्षं गेली असती.

सर्वेक्षण पाच-दहा वर्षांतून एकदा येतं. दवाखान्यातली नोंद मात्र रोजची. ती संगणकावर गेली तेव्हा नवा पेच उभा राहिला, आणि इथून या पुस्तकाचा मुख्य विषय सुरू होतो. १९६७मध्ये आंतरराष्ट्रीय माहिती-प्रक्रिया महासंघाने, म्हणजे आयफिपने, वैद्यकीय माहितीसाठी एक तांत्रिक समिती नेमली. फ्रान्सचे फ्राँस्वा ग्रेमी तिचे पहिले अध्यक्ष. १९७४मध्ये स्टॉकहोमला पहिली ‘मेडइन्फो’ परिषद भरली. १९७९मध्ये समितीची संघटना झाली: आंतरराष्ट्रीय वैद्यकीय माहितीशास्त्र संघटना, आयमिया. तिची घडण साधी आहे. एका देशाची एक संस्था सभासद. वर्गणी भरायची, वार्षिक सभेला प्रतिनिधी पाठवायचा, कामगटांत माणसं द्यायची. कामगटातलं काम बहुतेक विनामोबदला, स्वतःची नोकरी सांभाळून. आपली संस्था म्हणजे १९९३मध्ये स्थापन झालेली भारतीय वैद्यकीय माहितीशास्त्र संघटना. संगणकाच्या बाजूने पाहिलं तर धागा मुंबईशीही पोहोचतो. आयफिपची भारतीय सभासद असलेली कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ची, आणि तिचं मुख्यालय मुंबईत.

ही मंडळं कायदे करत नाहीत. मग करतात काय? आरोग्य-माहितीचं शिक्षण घेणाऱ्याला काय काय यायला हवं, याच्या शिफारशी आयमियाने २०००मध्ये काढल्या, पुढे त्या सुधारल्या. २००२मध्ये या व्यवसायातल्या माणसांसाठी नीतिसंहिता स्वीकारली. ती मी अनेकदा वाचली आहे. जिची माहिती आहे त्या व्यक्तीचा त्या माहितीवर हक्क असतो, तिला न सांगता नोंद होऊ नये, घेतलेली नोंद नीट जपली जावी, हे तिच्यात स्पष्ट सांगितलेलं आहे. आपल्याकडे व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये आला. त्याच्या एकवीस वर्षं आधी जगभरच्या मंडळांनी एकमेकांना हा शब्द दिला होता. कायदा नसलेल्या काळात असा शब्दच कामी येतो.

एक गोष्ट मनाला लागते. स्टॉकहोमपासून २०२५च्या तैपेईपर्यंत मेडइन्फो टोकियो, टोरोंटो, सेऊल, साओ पावलो, केपटाऊन अशी फिरली. २०१०ला केपटाऊनच्या निमित्ताने ती पहिल्यांदा आफ्रिकेत गेली. भारतात ती आजवर भरलेली नाही. जगातल्या कितीतरी रुग्णालयांची सॉफ्टवेअरं ज्या देशातले हात लिहितात, त्या देशात हा मेळावा एकदाही भरू नये याचं मला वाईट वाटतं. आपली मंडळं काम करतात, पण आपल्या रुग्णालयांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना त्यांची गरज अजून पुरेशी वाटलेली नाही.

महाराष्ट्राकडे यातला एक मोठा दुवा आहे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये आरोग्य-नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे आणि स्नोमेड सीटी या वैद्यकीय शब्दसंग्रहाचं भारतातलं वितरणही तिथूनच होतं. २००७मध्ये नऊ देशांनी मिळून या संग्रहाची मालकी घेतली. भारत २०१४पासून सभासद. देश वर्गणी भरतो, म्हणून देशातल्या कुणालाही तो फुकट वापरता येतो. त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत आणि प्रत्येकीला क्रमांक. मधुमेहाचा ७३२११००९. डॉक्टर कोणत्याही भाषेत बोलो, यंत्राला हा आकडा कळतो. सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचं चौदा आकडी आभा कार्ड आता अनेकांच्या मोबाइलमध्ये आहे. एका दवाखान्यातला कागद दुसऱ्यात वाचता यावा, हे त्यामागचं स्वप्न, आणि ते अशा क्रमांकांवर उभं आहे.

पण क्रमांक देण्याआधी शब्द ऐकू यावा लागतो. तरुणपणी मी एका सर्वेक्षणात माहिती गोळा करत होते. प्रश्नावलीत विचारलेलं होतं की गेल्या दोन आठवड्यांत बाळाला खोकला झाला होता का, आणि तेव्हा त्याचा श्वास नेहमीपेक्षा जलद किंवा कष्टाने चालत होता का. न्यूमोनियाची शंका घ्यायची ही जगभर ठरलेली रीत. मानखुर्दच्या एका खोलीत परभणीकडून आलेली बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी छापील प्रश्न वाचला.

“नाही ताई,” ती म्हणाली, “श्वास चांगला आहे. पोट उडतंय फक्त.”

मी ‘नाही’वर खूण केली. शेजारच्या खोलीत गोंडाहून आलेली बाई होती, तिनेही श्वासाला काही झालं नाही म्हटलं, आणि मग सहज सांगितलं, “पसली चल रही थी दो दिन.” तिथेही माझं पेन ‘नाही’वर गेलं. संध्याकाळी फॉर्म तपासताना आमच्या पर्यवेक्षक मावशींनी मला विचारलं की मुलं कशी होती. मी सांगितलं तशी त्या उठल्याच. पोट उडणं आणि पसली चालणं म्हणजे तेच, जे प्रश्नात विचारलं होतं. बाळ श्वासासाठी झगडतंय हे त्या आयांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं, आपल्या शब्दांत सांगितलेलं. कानात शिरलं नाही ते माझ्या. आम्ही दोघी अंधारात परत गेलो. एका बाळाला त्याच रात्री दवाखान्यात नेलं.

स्टॉकहोम, जिनिव्हा, पुणे इथे शब्द ठरवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. त्यांच्याशिवाय माझ्या हाती प्रश्नच आला नसता. पण सहकार्याची साखळी त्या खोलीच्या उंबऱ्याशी तुटली होती आणि जोडली एका मावशींनी, ज्या कोणत्याच संघटनेच्या सभासद नव्हत्या. राष्ट्रीय संस्थांच्या सभासद यादीत डॉक्टर असतात, अभियंते असतात, प्राध्यापक असतात. आरोग्यसेविका, आशाताई, रुग्णालयातली नोंदणी-कारकून या यादीत क्वचित दिसतात. माझं मत असं आहे की ही माणसं आत आल्याशिवाय देशादेशांतला करार अर्धाच राहतो. वडिलांच्या कागदावरची दुसरी ओळ भरली जावी यासाठी त्या रात्रपाळीच्या डॉक्टरला परिपत्रकाची गरज नव्हती. ती ओळ पुढे कोण वाचतं आणि तिचं काय होतं, हे त्याला कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं होतं.

हे आत्ताच लिहायची निकड २०२५मुळे वाटली. त्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडला आणि १९८४पासून ४००हून अधिक सर्वेक्षणं केलेली डीएचएस मालिका थांबली. एकाच तिजोरीवर टांगलेला धागा तिजोरी बंद होताच तुटतो. आपल्याकडे सर्वेक्षणाची धुरा आयआयपीएसवर आहे, माणसं आणि कसब इथलं आहे, म्हणून आपण तितके उघडे पडलो नाही. पण अनेक लहान देशांत पुढचा आकडा कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. अशा वेळी बरोबरीच्या नात्याने बांधलेल्या, वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांकडे लोक वळतील. त्यांच्याकडे पैसा थोडा आहे. एकमेकांचा फोन उचलायची सवय मात्र पन्नास वर्षांची आहे.

या पुस्तकातले लेख मराठीत लिहिताना काही शब्द आम्ही ठरवले, काही इंग्रजीच ठेवले. ‘कोड’ला सांकेतांक म्हणून पाहिलं, पण दवाखान्यात कुणी तसं म्हणत नाही, तेव्हा कोडच ठेवला. वाचकांनी पहिला लेख आधी वाचलाच पाहिजे असं नाही. आशाताईंनी मृत्यूच्या नोंदीचं प्रकरण आधी उघडावं, संगणकावर काम करणाऱ्यांनी नीतिसंहितेचं.

त्या पर्यवेक्षक मावशी फायलीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने शब्द लिहून ठेवायच्या. पोट उडणं, पसली चलना, छाती भरणं, घरघर, धाप, दम लागणं, अंगावरून जाणं, कावीळ उतरवून घेणं. कोणत्या गावच्या बाईने कोणता शब्द वापरला तेही पुढे लिहिलेलं असे. ती यादी पुस्तकाच्या शेवटी जोडली आहे. तिच्याखाली अर्धं पान कोरं सोडलं आहे. गोवंडी, मानखुर्द, चिता कॅम्प किंवा आणखी कुठे काम करताना यातला सुटलेला शब्द कानावर आला, तर तो तिथे लिहावा, आणि तो सांगणारी बाई कुठली होती तेही.